मावशी, एक विचारू? : बर्फातला खून आणि बोगद्यापलीकडचा पाऊस

गेल्या अंकात मी जाता जाता एवढंच म्हणलं होतं, की सध्या झोपताना उत्तरेकडच्या बर्फाळ खेड्यातल्या खुनाच्या गोष्टी वाचतेय आणि भर मे महिन्यात साताऱ्यात चादर ओढून बसतेय. त्यावर एवढी पत्रं आली की यावेळी दुसरं काही घ्यायलाच नको असं ठरवलं. ज्यांनी आंब्याच्या लोणच्याचं विचारलंय त्यांनी पुढच्या अंकापर्यंत थांबा, तोवर कैऱ्या संपतील म्हणा.

मावशी, त्या आइसलँडच्या गोष्टींत हजारभर वस्तीच्या गावात दर पुस्तकाला दोन-दोन मर्डर. असं चाललं तर गावात माणूस उरेल का? खरंच एवढं घडतं का तिथं?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

अहो दादा, अजिबात नाही. अख्ख्या आइसलँडची लोकसंख्या चार लाखाच्या आत आहे. २०११ च्या जनगणनेत तुमच्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेचीच पाच लाखावर भरली होती, म्हणजे तो देश तुमच्या एका महापालिकेत मावून वर जागा उरेल. खून म्हणाल तर वर्षाला बोटावर मोजण्याइतके, एखाद्या वर्षी एकपण नाही. पोलीस रोजच्या गस्तीला कमरेला पिस्तूल लावून फिरत नाहीत आणि पोलिसांच्या गोळीनं माणूस मेला हे तिथं पहिल्यांदा घडलं ते डायरेक्ट २०१३ च्या डिसेंबरात.

आता एवढ्या शांत देशात एवढ्या खुनाच्या गोष्टी कशा, तर मला वाटतं शांत आहे म्हणूनच. जिथं रोज घडतं तिथं ती पाचव्या पानावरची चार ओळींची बातमी होते, आणि जिथं घडतच नाही तिथं एक घडला की सगळं गाव महिनाभर दुसरं काही बोलत नाही. आणि गाव कसलं तर बघा. सिग्लुफ्योर्दुर म्हणून अगदी उत्तरेला एक बंदर आहे (जीभ वळायला दोन दिवस लागतात, मी रोज सकाळी चहा करताना म्हणायचे), वस्ती हजार-बाराशे, तीन बाजूला डोंगर न चौथ्या बाजूला समुद्र. एका जमान्यात हेरिंग मासळीवर हे गाव गब्बर झालेलं, बायका रात्र रात्र धक्क्यावर उभ्या राहून मासे खारवून पिंपात भरायच्या, आणि १९६० च्या दशकाच्या शेवटी मासळीच नाहीशी झाली, मग माणसंही गेली. आता त्या मासळीचं म्युझियम आहे. रस्त्याचं म्हणाल तर १९६७ ला डोंगर फोडून बोगदा काढला तोवर हिवाळ्यात गाडीनं बाहेर पडायची सोय नव्हती, आणि शेजारच्या गावाकडं जाणारे दोन बोगदे झाले ते २०१० ला, म्हणजे काल-परवा. आम्हा सातारकरांना हे वेगळं समजवायला नको, आमच्या गावालाही डोंगरातून काढलेला असाच एक बोगदा आहे, नुसतं ‘बोगद्याच्या पलीकडं’ म्हणलं तरी आवाज जरा खाली येतो.

अजून एक. नोव्हेंबरच्या मध्याला सूर्य जो डोंगराआड जातो तो गावाला परत दिसतो २८ जानेवारीला. उगवत नाही असं नाही, उगवतो, पण इतका खालून सरकतो की डोंगराच्या वर डोकं काढत नाही. तो दिसला की त्या दिवशी घरोघरी पॅनकेक, म्हणजे आपली धिरडीच म्हणा की. तर असं अंधारलेलं गाव, त्यात हिमकडा कोसळून रस्ता बंद, मोठा साहेब येऊ शकत नाही, फोन लागत नाही, खुनी गावातलाच आहे आणि उद्या सकाळी दुकानात दुधाच्या रांगेत तुमच्या मागं उभा राहून ‘काय थंडी पडलीय’ म्हणणार आहे. मला बर्फाचं काही नाही, मी घाबरते त्या दुधाच्या रांगेला.

आणि खऱ्या गोष्टीचं विचारलंत म्हणून सांगते. १९७४ साली तिथं दोन माणसं बेपत्ता झाली, एक अठरा वर्षांचा मुलगा जानेवारीच्या थंडीत रात्री घरी जायला निघालेला आणि एक बाप्या माणूस नोव्हेंबरात. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, मृतदेह आजतागायत सापडले नाहीत. पण सहा तरुण पोरापोरींना धरलं, महिनोन्महिने एकट्याला कोंडून चौकशी केली, एकाला तर सहाशेच्या वर दिवस, आणि त्यांनी ‘आम्हीच केलं’ म्हणून कबूल केलं. स्वतःच्याच आठवणीवरचा विश्वास उडाला होता त्यांचा. १९८० ला शिक्षा कायम झाल्या आणि २०१८ ला सुप्रीम कोर्टानं त्यातल्या पाच जणांना त्या मृत्यूंच्या आरोपातून निर्दोष सोडलं, तोवर दोघं वारलेले. कुठल्या लेखकाला असा शेवट सुचला असता सांगा. मी ते वाचलं त्या रात्री पुस्तक मिटून खिडकीशी जाऊन बसले होते.

पुस्तकं चांगली आहेत पण नावं लक्षात राहत नाहीत हो. नवऱ्याचं आडनाव वेगळं, बायकोचं वेगळं, भाऊ-बहिणीचं पण वेगळं. वंशावळ काढून ठेवू का?
— एक वाचिका, वाई

ताई, काढू नका. त्यांच्याकडं आडनाव ही भानगडच नाही बहुतेकांना. आपलं जे मधलं नाव, वडिलांचं, तेच ते शेवटी लावतात. मुलगा असला तर वडिलांच्या नावापुढं ‘सोन’, मुलगी असली तर ‘दोत्तिर’, झालं. म्हणून सख्ख्या भाऊ-बहिणीचं शेवटचं नाव वेगळं दिसतं, आणि लग्न झालं म्हणून बाई नाव बदलत नाही (हे मला फार आवडलं, आमच्या ह्यांना वाचून दाखवलं, ते ‘हं’ म्हणाले). हाक पहिल्या नावानंच, राष्ट्रपतीला पण, आणि टेलिफोन डिरेक्टरी छापायचे तोवर तीसुद्धा पहिल्या नावानं लावलेली असायची. त्यामुळं वाचताना शेवटचं नाव सोडून द्या. फक्त दोन माणसांच्या वडिलांचं नाव एक आहे आणि लेखकानं ते मुद्दाम कुणाला सांगितलेलं नाही असं दिसलं, तर तिथं पेन्सिलनं एक टिंब करून ठेवा. मी वाचनालयात पस्तीस वर्षं काउंटरला होते, पुस्तकात पेन्सिल चालवणाऱ्यांना दंड केलाय, पण तुमचं स्वतःचं असेल तर करा.

मी वैद्यकीय क्षेत्रातली आहे म्हणून खटकलं. बर्फात सापडलेली बॉडी बघून डॉक्टर म्हणतो ‘वेळ सांगता येणार नाही’, आणि मयताच्या अंगावर कपडे नाहीत तरी म्हणतो ‘घातपात असेलच असं नाही’. हे लेखकानं सोयीसाठी केलंय का?
— कराडहून

ह्याच्यासाठी मी माझ्या डॉक्टर भाच्याला गाठलं, त्याला जेवायला बोलवलं आणि भाकरी वाढता वाढता सगळं काढून घेतलं. तुम्हाला तर यातलं बरंच माहिती असणार, पण बाकीच्यांसाठी लिहिते.

माणूस गेल्यावर अंग गार पडायला लागतं, साधारण हवेत तासाला एखादा अंश धरून मागं हिशोब करतात, तोही ढोबळच. मग अंग ताठतं, दोन-चार तासांत सुरुवात, बारा तासांत पूर्ण, आणि मग परत सैल. आपल्या उन्हाळ्यात हे सगळं भराभर उरकतं. थंडीत मात्र ताठणं उशिरा येतं आणि रेंगाळतं, आणि बर्फात तर अंगच गोठून कडक झालेलं असतं, मग ते ताठलंय की गोठलंय हे कुणी सांगावं. कुजणं जवळपास थांबतं. म्हणजे पोटात काय सापडलं न शेवटचं कुणी बघितलं, ह्यावर डॉक्टरला यावं लागतं. बर्फ म्हणजे फ्रीजच तो. १९९१ ला इटली-ऑस्ट्रियाच्या हद्दीवर डोंगर चढणाऱ्यांना बर्फात एक माणूस सापडला, आधी वाटलं हल्लीचाच कुणी गिर्यारोहक असेल, निघाला पाच हजार वर्षांच्यावर जुना. आणि दहा वर्षं तपासणी चालल्यावर २००१ च्या एक्स-रेत कळलं की डाव्या खांद्यात बाणाचं टोक रुतलंय. खूनच की तो. आरोपी फरार.

आता कपड्याचं. थंडीनं मरायला टेकलेला माणूस कधी कधी स्वतःच कपडे काढून टाकतो. अंग थंड पडताना शरीर कातडीकडचं रक्त आत ओढून धरतं, आणि शेवटी ती धरून ठेवायची ताकदच संपते, तेव्हा गरम रक्त एकदम कातडीकडं धावतं आणि त्या बिचाऱ्याला वाटतं अंगाची आग होतेय. डोकं तर आधीच चालेनासं झालेलं. काहीजण मग कुठंतरी घुसायला बघतात, खाटेखाली, कपाटाच्या मागं, जनावर बिळात शिरतं तसं. आता हे माहिती नसलेला हवालदार काय बघणार? बाईचे कपडे विखुरलेले, सामान सरकलेलं, बाई खाटेखाली लपलेली. तो बलात्कार न दरोडा लिहून मोकळा होणार. तर लेखकानं सोय केलेली नाही, निसर्गानंच लेखकाची सोय करून ठेवलीय.

भाच्यानं आणखी एक सांगितलं ते मी अजून कुठल्या गोष्टीत वाचलेलं नाही, कुणाला हवं तर घ्या. मेल्यावर रक्त खाली साचून अंगावर डाग पडतात ते एरवी जांभळट असतात. थंडीत पडलेल्या मयताचे डाग गुलाबी दिसू शकतात. आणि बंद खोलीत शेगडी पेटवून कार्बन मोनॉक्साईडनं गेला तरी गुलाबीच, चेरीसारखे. म्हणजे आत मारून बाहेर बर्फात आणून टाकला, की बाहेरच गोठून गेला, हे नुसत्या रंगावरून कळायचं नाही, रक्त तपासावं लागणार आणि तपासणारी लॅब बंद रस्त्याच्या पलीकडं.

पावलांच्या ठशाचं पण असंच. आपल्याकडं चिखलात ठसा घ्यायला प्लास्टर ओततात, पण ते घट्ट होताना गरम होतं, बर्फावर ओतलं की ठसाच वितळला. म्हणून आधी वरून मेणाचा स्प्रे मारतात, मग ओततात. आणि एक गोष्ट खरी घडलेली, मला विसरताच येत नाही. १९९९ ला नॉर्वेत नार्विकजवळ ॲना बोगेनहोल्म नावाची डॉक्टर स्कीइंग करताना ओढ्यावरच्या बर्फाखाली अडकली, ऐंशी मिनिटं. काढली तेव्हा श्वास नाही, नाडी नाही, अंगाचं तापमान उतरून १३.७ अंश सेल्सिअसपर्यंत गेलेलं. डॉक्टरांनी गरम करत नेलं, आणि ती जगली, पुढं डॉक्टर म्हणून कामाला पण लागली. तिकडचे डॉक्टर म्हणतात, गरम झाल्यावरही मेलेलाच असेल तरच माणूस मेला म्हणायचा. भाचा हे सांगताना जेवायचा थांबला होता.

मावशी, तुम्ही बर्फ बघितलाय का कधी?
— एक आगाऊ वाचक, सातारा

नाही. महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या काठाला गवतावर दव गोठलेलं बघितलंय, पहाटे उठून गेलो होतो, एका जीपच्या टपावरचं नखानं खरवडून काढलं, हातात येईस्तोवर पाणी झालं. फ्रीजमधला विचारत असाल तर तो रोज बघते.

माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, त्याला ही पुस्तकं द्यावीत का?
— मिरज

सगळी नको. ह्या गोष्टींत रक्त कमी असतं पण दारू, घरातली मारहाण, लहान मुलांवरचे अत्याचार असलं बरंच दबलेलं येतं, ते त्याला कळणार नाही आणि जे कळेल ते अर्धवट. तुम्ही आधी वाचा. माझ्या वडिलांच्या ट्रंकेत जुन्या मराठी रहस्यकथांचा गठ्ठा होता, तो मी त्याच वयात पांघरुणात बॅटरी लावून संपवला आणि माझं काही वाकडं झालं नाही, हे पण खरं आहे.

ही पुस्तकं सगळी डिसेंबरच्या आत का निघतात?
— इस्लामपूरहून एक दिवाळी अंकवाले

तुम्हीच विचारताय? ते त्यांचे दिवाळी अंकच समजा. दुसऱ्या महायुद्धात तिथं बाहेरून माल आणायला बंधनं होती, कागद मात्र मिळायचा, मग नाताळला पुस्तकच भेट द्यायचं असं पडलं. १९४४ पासून नव्या पुस्तकांचं कॅटलॉग छापतात, ते घरोघरी फुकट टाकायची रीत पडली, आणि पुस्तकांचा नुसता पूर येतो. आपल्याकडं १९०९ ला काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, म्हणजे या कामात आपण त्यांच्या आधी आहोत. फक्त आपण अंक एक घेतो आणि पाच घरं फिरवतो, त्यामुळं तुमचं गणित बसत नाही, ते मला माहिती आहे.

मावशी, माझे वडील आमच्या गावचे पोलीस पाटील होते, गाव कोयनेच्या पाण्याच्या कडेला, जावळीच्या बाजूला. मला अशीच एक मर्डर मिस्ट्री लिहायची आहे. मित्र म्हणतो स्टोरी नॉर्वेत टाक, वाचक येतील. मी तर पुण्याच्या पुढं गेलेलो नाही. काय करू?
— सध्या नोकरीनिमित्त पुण्यात

बाळा, तुझ्या मित्राला पहिला बाजूला बसव. अरे तुझ्याकडं सगळं आहे. तुला बर्फ कशाला हवाय, रस्ता बंद करायलाच ना? जुलैचा दुसरा आठवडा घे. महाबळेश्वरला वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तुमचं गाव काही लांब नाही. लाईट गेलेली, फोन बंद, ओढ्यावरून पाणी, रस्त्यावर दरड, आणि लाँच सोडायची हिंमत कुणाची नाही. दरड म्हणजे गंमत नव्हे हे मी तुला सांगायला नको, २०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर न मिरगावला काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय, त्यामुळं ती नुसती प्लॉटच्या सोयीसाठी पाडू नकोस, जपून लिही.

आता गावात माणसं कोण आहेत बघ. पुरुष निम्मे मुंबईला, माथाडीत नाहीतर असंच कुठं. मागं म्हातारी माणसं, सुना, दोन-चार पोरं. भात लावणी चाललेली. आणि बाहेरचे कोण, तर मुक्कामी एसटीचे ड्रायव्हर न कंडक्टर! संध्याकाळी गाडी घेऊन आले, सकाळी सातला परत निघायचं होतं, निघता आलं नाही. देवळात झोपणारी ही दोन माणसं गावात सगळ्यांना तोंडओळखीची आणि खरं म्हणजे कुणालाच माहिती नाहीत. मी असते तर तिथनंच सुरुवात केली असती.

तिकडच्या गोष्टीत सगळे टोपीचे जाड कोट घालून हिंडतात, मागून कोण ते कळत नाही, त्यावर अर्धं पुस्तक चालतं. तुझ्याकडं इरलं आहे. लावणीला वाकलेल्या दहा बायका, दहा इरली, पाठीमागून सगळ्या सारख्या. साक्षीदार शपथेवर सांगतो ‘दिवसभर ती रानातच होती, मी बघितली’, आणि त्यानं बघितलेलं असतं इरलं. आता इरल्याच्या जागी प्लास्टिकचा कागद आलाय, तर मग निळा कागद एकीकडंच आहे असं कर, नाहीतर मुद्दाम दोघींकडं कर.

मयताचा हिशोब उलटा होणार हे लक्षात ठेव, वर कराडच्या ताईंना लिहिलंय ते वाच. तिकडं बर्फ बॉडी सांभाळतो, तुझ्याकडं पावसाळ्यात दोन दिवसांत वास सुटणार, आणि पाण्यात असेल तर हवेतल्यापेक्षा सावकाश. म्हणजे तुझ्या पोलीस पाटलाला घाई आहे. त्यांच्या फौजदाराला वेळच वेळ असतो, कॉफी पीत बसतो. तुझ्या माणसाला रस्ता उघडायच्या आत ठरवायचंय की देह ठेवायचा कुठं, शाळेच्या व्हरांड्यात की बैलाच्या गोठ्यात, राखण कुणी करायची, आणि घरचे म्हणणार उचलून अग्नी देऊ, पावसात लाकडं कुठली कोरडी, आमच्या पडवीत आहेत. जो सगळ्यात आधी कोरडी लाकडं देऊ करतो त्याच्याकडं वाचकानं बघितलं पाहिजे, मग तो निर्दोष निघाला तरी चालेल.

कायद्याचं तुझ्या वडिलांनाच नीट विचार, ते १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याखालचं काम, संशयास्पद मृत्यू झाला की ठाण्याला कळवायचं, जागा राखायची, पुरावा हलू द्यायचा नाही. पुढचं पोलिसांचं, पंच बोलवून पंचनामा, पूर्वी कलम १७४ म्हणायचे, १ जुलै २०२४ पासून नवीन कायद्यात ते १९४ झालंय, तुझी गोष्ट कुठल्या सालातली ते ठरव म्हणजे हवालदाराच्या तोंडी चुकीचा नंबर जाणार नाही. माझं मत विचारशील तर १९९० च्या आसपासची ठेव, मोबाईलचा त्रास नाही. आणि पाटलाचं खरं अवघड वेगळंच आहे, तो साहेब नाही, गावातलाच आहे. ज्याच्यावर संशय त्याच्याच चुलत्यानं ह्याच्या पोरीच्या लग्नाला मांडव घातलेला. हे तुझ्या वडिलांनी कधी घरात बोललं असेल किंवा बोललं नसेल, जे बोलले नाहीत तिथं तुझी गोष्ट आहे.

खुनाचं कारण तिकडं मासळीच्या कोट्यात सापडतं, १९८४ पासून कुणी किती मासा धरायचा ते वाटून दिलंय आणि पुढं तो हक्क विकता यायला लागला, मग कुणी करोडपती, कुणाची बोट दारात कुजतेय. तुझ्याकडं सातबारा आहे. धरणात गेलेली जमीन, बदली मिळालेली जमीन दुसऱ्या जिल्ह्यात, काठावर उरलेला तुकडा ज्याला कुणी विचारत नव्हतं आणि आता तिथं रिसॉर्टवाला गाडीतनं उतरून पावलं मोजतोय. वारस सात, सह्या सहा. सातवी म्हातारी सही देत नाही. बघ, मी लिहून टाकीन हां, मग म्हणशील मावशीनं चोरली.

भाषा तुमच्या गावची ठेव, पुस्तकी करू नकोस, आणि पावसाचं वर्णन पानभर नको, तिथल्या माणसाला पाऊस दिसत नसतो, कपडे वाळत नाहीत न चूल पेटत नाही एवढंच दिसतं. पहिली दहा पानं झाली की मासिकाच्या पत्त्यावर पाठव, मी वाचते. आणि एवढं ऐक, लाँचवाल्याला खुनी करू नकोस, तो पहिल्याच पानाला कळतो.